अर्थ आणि व्यंजन : महाराष्ट्रातील ख्रिस्ती चर्चच्या ऐक्याचा शोध

विनयपिटकातील महावग्गाचा दहावा खंधक कोसम्बीच्या कलहाचा आहे. एका भिक्षूची कृती आपत्ती ठरते की नाही, एवढ्या प्रश्नावरून तेथील भिक्षूंमध्ये वाद उत्पन्न झाला आणि त्याचे पर्यवसान संघ दुभंगण्यात झाले. तथागतांनी समजावूनही भिक्षू ऐकेनात, तेव्हा तथागत कोसम्बी सोडून गेले. पुढे नगरातील उपासकांनी या भिक्षूंना वंदन करणे व भिक्षा देणे थांबविले, तेव्हा कोठे समेटाची वाट मोकळी झाली. याच खंधकाच्या अखेरीस उपालि स्थविर ऐक्याविषयी प्रश्न विचारतात आणि तथागत संघसामग्गीचे दोन प्रकार सांगतात. वादाच्या मुळाशी न जाता, त्याचा निर्णय न करता केलेले ऐक्य व्यंजनाने युक्त पण अर्थाने रहित असते. वादाचा मुळापासून निर्णय करून केलेले ऐक्य मात्र अर्थ आणि व्यंजन या दोहोंनी युक्त असते.

प्रस्तुत लेखाचा विषय बौद्ध संघ नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्ती चर्चनी गेल्या दीडशे वर्षांत आपापसांतील भेद मिटविण्याचा जो प्रयत्न केला, त्याचा हा संक्षिप्त इतिहास आहे. तथापि विनयातील वरील भेद या इतिहासाच्या परीक्षणासाठी अत्यंत उपयुक्त ठरतो, म्हणून त्याचा आरंभीच निर्देश केला. या नियतकालिकाच्या वाचकांनी या विषयाकडे लक्ष द्यावे याला दोन कारणे आहेत. महाराष्ट्रातील, विशेषतः नाशिक, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि मराठवाडा या भागांतील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाज मुख्यतः पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आलेला आहे. त्याची गावे आणि आपली गावे एकच आहेत. दुसरे कारण असे की, या ऐक्याविषयीचा सर्वांत नेमका प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उपस्थित केला होता.

भेद आले कोठून?

ख्रिस्ती ऐक्याच्या चळवळीला युरोपीय भाषांत ‘एक्युमेनिकल’ चळवळ म्हणतात. हा शब्द ‘ओइकुमेने’ या ग्रीक शब्दापासून आला असून त्याचा अर्थ ‘मनुष्यवस्ती असलेली सारी पृथ्वी’ असा होतो. साऱ्या पृथ्वीचे चर्च एक असावे, ही कल्पना त्या शब्दात आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रात आलेले प्रॉटेस्टंट चर्च एक नव्हते.

अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगर येथे केंद्र स्थापिले. ते काँग्रिगेशनल पंथाचे होते. प्रत्येक गावची मंडळी स्वायत्त असून तिच्यावर कोणा बिशपची सत्ता नाही, हे त्यांचे तत्त्व. स्कॉटिश मिशनरी १८२३ पासून कोकणात आणि १८२९ पासून जॉन विल्सन यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत कार्य करीत होते. ते प्रेस्बिटेरियन असल्याने त्यांच्याकडे सत्ता वडीलजनांच्या सभांकडे असे. चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये नाशिक येथे कार्य सुरू केले. ही संस्था इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची होती आणि बिशपशिवाय चर्च ही कल्पनाच अँग्लिकन परंपरेला मान्य नव्हती. पुढे नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांचे स्कॉटिश मिशन, कोल्हापुरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन आणि डहाणूकडे चर्च ऑफ द ब्रेदरेन यांची भर पडली. ब्रेदरेन मंडळींना बालकांचा बाप्तिस्मा मान्य नव्हता. जाणत्या वयात स्वतः श्रद्धा व्यक्त करणाऱ्यासच ते बाप्तिस्मा देत.

या भेदांचा उगम महाराष्ट्रातील कोणत्याही प्रश्नात नव्हता. १८४३ मध्ये स्कॉटलंडमध्ये धर्मोपदेशक नेमण्याचा अधिकार जमीनदाराचा की मंडळीचा, या वादावरून तेथील चर्च फुटले. मुंबईतील जॉन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटून निघालेल्या फ्री चर्चची बाजू घेतली. परिणामतः त्यांना मुंबईतील शाळेची इमारत मूळ चर्चकडे सोडून नव्याने आरंभ करावा लागला. स्कॉटलंडमधील जमीनदारांच्या हक्काशी मुंबईतील मराठी विद्यार्थ्याचा काय संबंध होता? तरी त्या वादाने त्याची शाळा विभागली गेली.

मिशन संस्थांनी परस्परस्पर्धा टाळण्यासाठी प्रदेश वाटून घेण्याची प्रथा पाडली. एका मिशनच्या क्षेत्रात दुसऱ्याने जाऊ नये, असा हा संकेत होता. भांडणे कमी करणे हा त्यामागील हेतू योग्यच होता, परंतु त्याचा परिणाम विलक्षण झाला. माणसाचा पंथ त्याच्या विचाराने न ठरता तालुक्याने ठरू लागला. नाशिकजवळचा ख्रिस्ती अँग्लिकन झाला, सोलापूरचा काँग्रिगेशनल झाला, जालन्याचा प्रेस्बिटेरियन झाला. शिवाय हा संकेत सर्वत्र पाळला गेला असेही नाही. अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मिशन आधीपासून असताना १८७० नंतरच्या दशकात अँग्लिकन चर्चची दुसरी संस्था, एस. पी. जी., तेथे उतरली आणि एकाच जिल्ह्यात दोन प्रकारच्या मंडळ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

विनयाच्या परिभाषेत सांगायचे तर हे सर्व ‘नानासंवासक’ होते. एकाच सीमेत राहूनही जे एकत्र उपोसथ करीत नाहीत, त्यांना विनयात ही संज्ञा आहे. ख्रिस्ती जीवनात उपोसथाच्या जागी प्रभुभोजनाचा विधी कल्पिता येईल. बिशपने मस्तकी हात ठेवून ज्याचे दृढीकरण केले आहे त्यालाच प्रभुभोजन द्यावे, असा अँग्लिकन नियम होता. ज्या चर्चमध्ये बिशपच नाही तेथील ख्रिस्ती मनुष्य या नियमाने आपोआपच बाहेर राहत असे. अहमदनगरहून नाशिकला आलेल्या काँग्रिगेशनल कुटुंबाला भेदाचा अर्थ कोणत्याही ग्रंथातून समजून घ्यावा लागत नव्हता.

शरणपूर

नाशिक शहराच्या पश्चिमेस असलेले शरणपूर हे या इतिहासातील महत्त्वाचे स्थळ आहे. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली. धर्मांतरामुळे ज्यांना घर, गाव आणि धंदा सोडावा लागला, त्यांना आश्रय व कारागिरीचे शिक्षण देणे हा तिचा उद्देश होता. अरबी समुद्रात इंग्रजी नौदलाने गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकन मुलेही येथे आणून शिकविली गेली. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्या आणि पुढे १८७४ मध्ये तो इंग्लंडला पोहोचेपर्यंत सोबत राहिलेल्या जेकब वेनराइट यांचे शिक्षण नाशिकचेच. १८७५ च्या सुमारास प्राइस यांनी पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ फ्रियर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी केली, तेव्हा नाशिकला शिकलेली आफ्रिकन मंडळी तेथे उपयोगी पडली.

शरणपुरात ब्राह्मण, पारशी, अस्पृश्य आणि आफ्रिकन अशा भिन्न मूळांची माणसे एका चर्चमध्ये आली. हे ऐक्य लहान होते, तरी खरे होते. मात्र ते एका मिशनच्या कुंपणातील होते. गावोगावच्या मंडळ्यांना असे कुंपण नव्हते, तेथे महार आणि मांग ख्रिस्तीजनांमधील अंतराचा प्रश्न मिशनऱ्यांपुढे पुन्हा पुन्हा उभा राहिला. म्हणजे महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात दोन प्रकारचे भेद होते. एक बाहेरून आलेला, पंथाचा. दुसरा येथील मातीतला, जातीचा. ऐक्याच्या चळवळीने यांपैकी कोणता भेद हाती घेतला, हे पुढे पाहावयाचे आहे.

मराठी ख्रिस्तीजनांचा आवाज

पंथभेदांविषयीची पहिली अस्वस्थता मराठी ख्रिस्तीजनांनी स्वतः व्यक्त केली, ही गोष्ट इतिहासकारांनी पुरेशी अधोरेखित केलेली नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये झाला. त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते की, एका पंथाची सर्व मते आहेत तशी स्वीकारण्यास त्यांनी ठाम नकार दिला. ख्रिस्ती देशांत पंथांचा जो गोंधळ आढळला त्याने आपण चकित झालो, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. केडगाव येथील त्यांचे मुक्ती मिशन कोणत्याही एका चर्चच्या अधीन राहिले नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण याहून पुढचे आहे. टिळकांचे बालपण व शिक्षण यांचा नाशिकशी निकट संबंध होता आणि लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. १८९५ मध्ये टिळकांनी अमेरिकन मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला. ‘ज्ञानोदय’ या १८४२ पासून चालत आलेल्या पत्राशी त्यांचा दीर्घ संबंध राहिला. परंतु १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा संबंध सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, कोणत्याही पंथाचे, असे सर्व ख्रिस्तशिष्य या दरबारात एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. ऐक्याची योजना समित्यांतून येण्यापूर्वी एका मराठी कवीने पंथांची भिंतच बाजूला सारली. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्याने हा प्रयोग अल्पायुषी ठरला.

त्यांची गीते मात्र टिकली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून टिळकांची पदे निरनिराळ्या पंथांच्या मराठी मंडळ्यांत गायिली गेली. प्रभुभोजनाच्या मेजाभोवती जे एकत्र येऊ शकत नव्हते ते एकच पद म्हणत होते. भाषेने साधलेले हे ऐक्य कोणत्याही घटनेत लिहिलेले नव्हते, पण औपचारिक ऐक्याच्या कितीतरी आधीचे होते.

एडिंबरो ते लखनौ

संघटित चळवळीचा आरंभ सामान्यतः १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेपासून मानला जातो. तेथे तेलुगू भाषिक प्रदेशात कार्य करणारे तमिळ धर्मोपदेशक व्ही. एस. अझराया यांनी गोऱ्या मिशनऱ्यांपुढे मैत्रीची व बरोबरीची मागणी निर्भीडपणे मांडली. १९१९ मध्ये तरंगमबाडी येथे अझराया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐक्याचे निवेदन काढले. त्यातील आशय असा की, हे भेद आम्ही निर्माण केलेले नाहीत, ते आमच्यावर लादले गेले आहेत, आणि भारतासारख्या देशात धर्मप्रसाराचे कार्य करताना ते आम्हास दुर्बळ करतात.

उत्तर भारतात १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ स्थापन झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या त्यात सामील झाल्या. १९२९ मध्ये लखनौ येथे अधिक व्यापक ऐक्यासाठी गोलमेज परिषद भरली. त्याच वर्षी अँग्लिकन चर्चने मुंबई धर्मप्रांतातून नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण केला आणि फिलिप लॉइड त्याचे पहिले बिशप झाले. १ मार्च १९३० रोजी भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने स्वतंत्र झाले.

याच्या दुसऱ्याच दिवशी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकमध्ये काळाराम मंदिर सत्याग्रहास प्रारंभ झाला. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध नाही आणि तसा दाखविण्याचा येथे हेतूही नाही. परंतु एका नगरातील दोन प्रश्न त्या आठवड्यात शेजारी शेजारी उभे होते. चर्चपुढील प्रश्न सत्तेच्या रचनेचा होता. गोदाकाठी जमलेल्या सत्याग्रहींपुढील प्रश्न मनुष्याच्या प्रवेशाचा होता.

येवल्यानंतरचा प्रश्न

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर विविध धर्मांच्या नेत्यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. अझराया तोपर्यंत दोर्णकलचे बिशप झाले होते. त्यांची आणि बाबासाहेबांची भेट झाल्याचे अझराया यांच्याविषयीच्या चरित्रपर लेखनात नमूद आहे. बाबासाहेबांच्या प्रश्नाचा आशय असा होता : अस्पृश्य समाज आज देशभर एका दुःखाने आणि एका संघटनेने बांधलेला आहे. तो ख्रिस्ती झाला तर प्रत्येक गावी निरनिराळ्या चर्चमध्ये विभागला जाईल. त्याच्या आजच्या एकजुटीच्या बदल्यात तुमचे चर्च त्याला कोणते ऐक्य देणार? या प्रश्नाने अझराया यांना आपल्या चर्चच्या दुभंगलेपणाची तीव्र लाज वाटली, असेही त्या लेखनात म्हटले आहे.

बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या भारतीय ख्रिस्ती समाजाविषयीच्या लेखनात हाच विचार अधिक विस्ताराने येतो. हा समाज विस्कळीत आहे, धर्मश्रद्धेचा समान स्रोत वगळता वंश, भाषा आणि जात या तिन्ही गोष्टी त्याला वेगळे ठेवतात, असे त्यांचे निदान आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. अझराया यांना विचारलेल्या प्रश्नात पंथभेद पुढे आहे, तर या निदानात जात पुढे आहे. चर्चने पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी पुढील पस्तीस वर्षे खर्च केली. दुसऱ्या प्रश्नाला चर्चच्या घटनेत तशी जागा मिळाली नाही.

नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०

दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झाले. अझराया १९४५ मध्येच निवर्तले होते. उत्तरेतील वाटाघाटी अधिक लांबल्या. १९६१ मध्ये जागतिक चर्च परिषदेचे तिसरे अधिवेशन नवी दिल्लीत भरले आणि त्यात ऐक्याची व्याख्या करताना ‘प्रत्येक ठिकाणचे सर्व’ श्रद्धावान एका सहभागात येणे, यावर भर देण्यात आला. १९६५ मध्ये उत्तर भारतातील ऐक्ययोजनेची चौथी सुधारित आवृत्ती निघाली आणि तिच्या आधारे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. चौदा वर्षांपूर्वी याच नगरात आपल्या धम्मदीक्षेचा सोहळा झाला होता, हे वाचकांस सांगावयास नको.

या ऐक्यात सहा चर्च सामील झाले : अँग्लिकन चर्च, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट मंडळ्या, चर्च ऑफ द ब्रेदरेन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट चर्च. अमेरिकन परंपरेचे मोठे मेथडिस्ट चर्चही वाटाघाटींत होते, पण १९७० च्या ऑगस्टमध्ये, स्थापनेस जेमतेम तीन महिने उरले असताना, ते मागे फिरले. पुढे १९८१ मध्ये त्याने ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ म्हणून स्वतंत्र संघटना केली.

योजनेत सोडविलेले प्रश्न क्षुल्लक नव्हते. पहिला प्रश्न बाप्तिस्म्याचा. बालकांचा बाप्तिस्मा आणि जाणत्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती एका चर्चमध्ये पर्याय म्हणून मान्य करण्यात आल्या. दुसरा प्रश्न सत्तेचा. बिशपचे पद स्वीकारले गेले, पण ते घटनेने मर्यादित केले गेले आणि वडीलजनांच्या सभा व स्थानिक मंडळी यांनाही निर्णयात स्थान मिळाले. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड होता : ज्यांना बिशपने दीक्षा दिलेली नाही ते पाळक अँग्लिकनांना पाळक म्हणून मान्य कसे व्हावेत? पुन्हा दीक्षा दिली तर त्यांची आधीची सेवा खोटी ठरते. न द्यावी तर अँग्लिकनांचे समाधान होत नाही. दक्षिणेत जुने पाळक आहेत तसे स्वीकारून कालांतराने प्रश्न विरघळू देण्यात आला होता. उत्तरेत निराळा मार्ग काढला गेला. सर्व चर्चच्या प्रतिनिधींनी परस्परांच्या मस्तकी हात ठेवावेत आणि ज्याच्याजवळ जे उणे असेल ते ईश्वराने त्याला द्यावे, अशी प्रार्थना करावी. कोणाजवळ काय उणे आहे, याचा उच्चार करावयाचा नाही.

विनयाच्या अभ्यासकाला या युक्तीचे कुतूहल वाटल्यावाचून राहणार नाही. विनयातील सात अधिकरणसमथांपैकी शेवटचा ‘तिणवत्थारक’ हा आहे. ज्या वादाची चिकित्सा केल्यास तो अधिकच चिघळेल, तो गवताने झाकावा तसा झाकून मिटवावा, अशी ती विधी आहे. परंतु विनयात तिलाही मर्यादा आहे, गंभीर आपत्ती तिने मिटत नाहीत. नागपूरच्या विधीत मौन होते, पण त्या मौनाआधी १९२९ पासून एकेचाळीस वर्षांची चिकित्सा झालेली होती. म्हणून बाप्तिस्मा, बिशपपद आणि पाळकपद या तीन प्रश्नांपुरते हे ऐक्य अर्थयुक्त होते, असे म्हणणे न्यायाचे होईल. ते मूळ पाहून केलेले होते.

नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांत या ऐक्यानंतर नव्या चर्चचा नाशिक धर्मप्रांत झाला. शरणपूरची अँग्लिकन मंडळी आणि जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्या आता एका चर्चच्या होत्या. नानासंवासक समानसंवासक झाले.

कॅथलिक चर्च आणि मेजाची सीमा

या ऐक्यात रोमन कॅथलिक चर्च नव्हते. त्याची स्वतःची दीर्घ परंपरा वसई आणि कोकणपट्टीत सोळाव्या शतकापासून होती. भेदाचा अनुभव त्यालाही नवा नव्हता. पोर्तुगालच्या राजाचे अधिकारक्षेत्र की रोमचे, या वादामुळे मुंबईत १७९४ पासून १९२८ पर्यंत दुहेरी धर्मसत्ता चालू होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश काढला आणि इतर ख्रिस्तीजनांना ‘विभक्त बंधू’ म्हणून संबोधून संवादाचा मार्ग मोकळा केला. महाराष्ट्रात याचे एक उल्लेखनीय फळ पुण्यास दिसले. अँग्लिकन मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघाच्या परंपरेतील पुण्याच्या आश्रमात १९७२ पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि कॅथलिक अशा दोन्ही चर्चच्या संन्यासिनी एकत्र राहू लागल्या. नाशिकमध्ये १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून कॅथलिकांचा स्वतंत्र नाशिक धर्मप्रांत निर्माण झाला आणि थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप झाले. अशा रीतीने नाशिक हे नाव धारण करणारे दोन धर्मप्रांत आणि दोन बिशप एकाच नगरात आहेत. प्रार्थना, साहित्य आणि सेवाकार्य यांत सहकार्य होते, पण प्रभुभोजनाच्या मेजाची सीमा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यामध्ये अजून कायम आहे.

साहित्यात मात्र ही सीमा बरीच पुसट झाली. कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेला ‘सुबोध बायबल’ हा अनुवाद मराठी वाचकाने पंथ न विचारता वाचला आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

जे तपासले गेले नाही

आता उपालींच्या प्रश्नाकडे पुन्हा वळावे लागते. कोणत्या गोष्टींचे मूळ तपासले गेले नाही?

पहिली गोष्ट मालमत्तेची. मिशन संस्थांच्या जमिनी, शाळा, रुग्णालये, दफनभूमी आणि चर्चच्या इमारती निरनिराळ्या विश्वस्त संस्थांच्या नावे होत्या. १९७० मध्ये माणसे एका चर्चची झाली, पण सातबारा तसा झाला नाही. गुजरातमधील चर्च ऑफ द ब्रेदरेनच्या मालमत्तेविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेला निर्णय या दृष्टीने बोधप्रद आहे. केवळ विलीनीकरणाचा ठराव केल्याने मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही, त्यासाठी १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची प्रक्रिया पाळली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. त्रेचाळीस वर्षांनंतर न्यायालयाने ऐक्याच्या व्यंजनातच त्रुटी दाखविली. हाच कायदा महाराष्ट्रालाही लागू असल्याने या निर्णयाचे महत्त्व येथेही आहे.

दुसरी गोष्ट जातीची, आणि ती अधिक मूलगामी आहे. ऐक्ययोजनेत बिशपच्या अधिकारावर जितका ऊहापोह झाला, तितका एका मंडळीतील दोन जातींच्या सोयरिकीवर झाला नाही. याचे कारण उघड आहे. वाटाघाटींचे विषय पंथांनी ठरविले आणि पंथांचे विषय युरोप-अमेरिकेत घडलेले होते. ज्या भेदाने येथील ख्रिस्ती मनुष्य रोज जखमी होत होता, तो भेद कोणत्याही एका पंथाचा नव्हता, सर्वांचा होता. त्यामुळे त्यावर वाद झाला नाही. वाद न झाल्याने निर्णयही झाला नाही.

ही उणीव ख्रिस्ती विचारवंतांच्या ध्यानात आली नाही असे नाही. १९८१ मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे पाळक अरविंद निर्मळ यांनी बंगळूर येथील व्याख्यानात भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्र उच्चवर्णीय चौकटीतून बाहेर काढण्याची मागणी केली. त्यातूनच पुढे दलित धर्मशास्त्राची चळवळ उभी राहिली. २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध करून चर्चमधील जातिभेद स्पष्टपणे मान्य केला.

राजकीय क्षेत्रातही हाच प्रश्न चर्चना एकत्र आणणारा ठरला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. यासाठी कॅथलिक बिशपांची परिषद आणि नागपूर येथे मुख्यालय असलेली प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चची राष्ट्रीय परिषद यांनी एकत्र मागणी केली. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मनिरपेक्ष करण्याची शिफारस केली, तर २०२२ मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नासाठी न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. ज्यांचे प्रभुभोजन एकत्र होत नाही, त्यांचे निवेदन एकत्र झाले, आणि ते जातीच्या प्रश्नावर झाले. कोसम्बीत उपासकांनी भिक्षूंना समेटाकडे वळविले, त्याचीच ही आठवण आहे. धर्मपंडितांनी जो विषय घेतला नाही तो मंडळीतील सामान्य माणसाच्या गरजेने पुढे आणला.

उपसंहार

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा. महाराष्ट्रातील ख्रिस्ती ऐक्याचा प्रयत्न हा केवळ देखावा नव्हता. परदेशातून आलेल्या पंथभेदांचे मूळ चार दशके तपासून त्यावर उपाय काढला गेला आणि ती जगाच्या चर्च-इतिहासातील असाधारण घटना आहे. बाबासाहेबांच्या प्रश्नातील पंथाविषयीच्या भागाला नागपूरने पस्तीस वर्षांनी उत्तर दिले. मेथडिस्ट आणि कॅथलिक बाहेर असल्याने ते अपुरे आहे, परंतु ते प्रामाणिक आहे. जातीविषयीच्या भागाला मात्र त्या दिवशी उत्तर दिले गेले नाही. तेथे ऐक्याचे व्यंजन आहे, अर्थ अजून सिद्ध व्हावयाचा आहे.

अभ्यासकांसाठी यातून एक निश्चित काम निघते. ऐक्याचा इतिहास आजवर परिषदांच्या ठरावांवरून लिहिला गेला. परंतु प्रत्येक चर्चमध्ये विवाहाच्या आणि दफनाच्या नोंदवह्या ठेवल्या जातात. १९७० पूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्यास काँग्रिगेशनल घरातील मुलगी अँग्लिकन घरात किती वेळा गेली, आणि एका जातीतून आलेल्या घरातील मुलगी दुसऱ्या जातीतून आलेल्या घरात किती वेळा गेली, हे दोन आकडे हाती येतील. नाशिक आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांपुरते जरी हे काम कोणी केले, तरी संघसामग्गीच्या त्या दोन प्रकारांपैकी येथे कोणता सिद्ध झाला, हे ठरावांपेक्षा अधिक खात्रीने सांगता येईल.